समजणारी हार : जुन्या आर्केड खेळांच्या आकर्षणाविषयी

नाणे टाकले की सुरू होणारे आणि दोन-चार मिनिटांत बहुतेकांना हरवून मोकळे होणारे व्हिडिओ गेम हा वाङ्मयीन दिवाळी अंकातील लेखाचा विषय आहे का, अशी शंका वाचकांना येईल. मलाही ती होती. कथा-कादंबऱ्यांची समीक्षा करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे मला बरीच वर्षे वाटत होते. पण एक प्रश्न मनातून जाईना. १९७८ ते साधारण १९८५ या काळात जपान आणि अमेरिकेत तयार झालेले ‘स्पेस इन्व्हेडर्स’, ‘पॅक-मॅन’, ‘मिसाइल कमांड’, ‘गॅलागा’, ‘डाँकी काँग’ हे खेळ आजही खेळले जातात. यंत्रांची शक्ती अनेक पटींनी वाढली, चित्रे जिवंत वाटावीत इतकी सुधारली, तरी हे ठोकळ्यांचे आणि ठिपक्यांचे खेळ मागे पडले नाहीत. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये आपल्या संग्रहात चौदा व्हिडिओ गेम घेतले. त्यांत ‘पॅक-मॅन’ होता. हे आकर्षण नेमके कशाचे?

या प्रश्नाला दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले उत्तर स्मरणरंजनाचे. ज्यांचे बालपण त्या काळात गेले त्यांना ते खेळ प्रिय आहेत, एवढेच. दुसरे उत्तर सोपेपणाचे. एक दांडा, फार तर एखादे बटण, शिकायला अर्धे मिनिट. म्हणून ते आवडतात. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. स्मरणरंजनाचे म्हणाल, तर माझ्यापाशी या खेळांची स्मृतीच नाही. आमच्या गावात व्हिडिओ गेमचे पार्लर आले तेव्हा तिथे जायला घरून बंदी होती. दोनदा चोरून गेलो, तेही दुसऱ्यांच्या खांद्यावरून पाहण्यापुरते. हे खेळ मी प्रथम खेळलो ते चाळिशी उलटल्यावर, संगणकावर. आणि सोपेपणाचे म्हणाल, तर हे खेळ शिकायला सोपे असले तरी खेळायला मुळीच सोपे नाहीत. तितकेच सोपे दिसणारे कितीतरी खेळ आज कुणाला आठवतही नाहीत.

मला वेगळे उत्तर सुचले ते माझ्या अकरा वर्षांच्या पुतणीमुळे. ती फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा एक खेळ खेळते. त्यात हरली की म्हणते, “ही लेव्हल मला जिंकूच देत नाहीये.” एका सुटीत मी तिला ‘पॅक-मॅन’ लावून दिला. तिसऱ्यांदा हरल्यावर ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, “काका, मी उगाच तिकडे वळले.” हरली दोन्हीकडे. पण एका ठिकाणी तिने खेळाबद्दल तक्रार केली आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्या चालीबद्दल विधान केले. हा फरक मुलीच्या स्वभावात नव्हता, खेळांच्या घडणीत होता. या लेखात मला तोच तपासायचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : हे जुने खेळ खेळणाऱ्याला हरवतात, पण का हरवले हे त्याच्यापासून लपवत नाहीत. त्यांचे आकर्षण या समजणाऱ्या हारीत आहे.

यंत्राची मर्यादा आणि खेळाची लय

सुरुवात ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून करतो. जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी तो १९७८ मध्ये बनवला. पुढच्या दशकाचे व्याकरण त्याने घालून दिले. पडद्यावर पाच ओळींत अकरा-अकरा असे पंचावन्न परग्रहवासी आहेत. ते आडवे सरकतात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात आणि उलट दिशेने निघतात. खाली खेळणाऱ्याची तोफ आणि चार आडोसे. परग्रहवासी तळाला पोचले की खेळ संपला.

जसजसे शत्रू मरतात तसतसे उरलेले अधिक वेगाने सरकू लागतात, हे या खेळाचे सगळ्यांत लक्षात राहणारे अंग. एकच उरतो तेव्हा तो अक्षरशः धावत सुटतो. हा परिणाम आधी ठरवून आणलेला नव्हता. यंत्रातला प्रोसेसर पडद्याच्या प्रत्येक चौकटीत एकच परग्रहवासी पुढे सरकवी. पंचावन्न असताना सगळ्यांची एक फेरी व्हायला जवळपास सेकंद लागे. थोडे उरले की फेरी झटकन पूर्ण होई. निशिकादो यांच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी ती उणीव दुरुस्त न करता तशीच ठेवली. त्याला चार खालच्या स्वरांच्या ठेक्याची जोड मिळाली. शत्रूंबरोबर तो ठेकाही जलद होत जातो.

समीक्षेच्या दृष्टीने मला यात महत्त्वाचे वाटते ते असे. खेळ कठीण होतो तो बाहेरून कुणी ठरवले म्हणून नव्हे, खेळणाऱ्याने स्वतः जे केले त्यामुळे. तुम्ही जितके यशस्वी व्हाल तितके संकट वेगवान होते, आणि हे कार्यकारण उघड्या डोळ्यांना दिसते. आणखी एक नियम असाच. तोफेची एक गोळी पडद्यावर असेपर्यंत दुसरी सुटत नाही. नेम चुकला की गोळी वरच्या कडेपर्यंत जाईस्तोवर हात बांधल्यासारखे उभे राहावे लागते. चुकीची शिक्षा म्हणजे एवढी वाट पाहणे. कुणी समजावून सांगावे लागत नाही. दोन गोळ्या वाया गेल्या की कळते.

चार भुतांचे चार स्वभाव

‘पॅक-मॅन’ १९८० चा. नामको कंपनीतील तोरू इवातानी त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते. आर्केडमध्ये तेव्हा गोळीबाराच्या खेळांची आणि पुरुष गिऱ्हाइकांची गर्दी असे. स्त्रियांनाही खेळावासा वाटेल असा खेळ त्यांना करायचा होता, म्हणून त्यांनी खाण्याचा विषय निवडला. भुलभुलैयात २४० लहान ठिपके आणि कोपऱ्यांकडे चार मोठे. ते सगळे खायचे, आणि मागे चार भुते. मोठा ठिपका खाल्ला की थोडा वेळ भुते निळी पडतात आणि उलट त्यांनाच खाता येते. चार दिशांना वळणारा दांडा, बटण एकही नाही.

वरवर पाहता चारही भुते पाठलाग करतात. प्रत्यक्षात प्रत्येकाचा नियम वेगळा आहे. लाल भूत पॅक-मॅन ज्या चौकोनात आहे तोच लक्ष्य धरते. गुलाबी भूत त्याच्या चार चौकोन पुढची जागा धरते, म्हणजे वाट अडवते. निळ्याचा हिशेब लाल भुताच्या जागेवरही अवलंबून असतो, म्हणून ते लहरी वाटते. नारिंगी लांब असले की पाठलाग करते आणि आठ चौकोनांच्या आत आले की आपल्या कोपऱ्याकडे निघून जाते, जणू धीर सुटावा तसे. मूळ जपानी खेळात त्यांच्या स्वभावांना दिलेली नावेही याच अर्थाची आहेत : पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी, आणि वेड पांघरणारा. कथेत पात्राचा स्वभाव त्याच्या कृतीतून दिसावा अशी अपेक्षा आपण धरतो. इथे संवाद नाहीत, चेहरे सारखेच आहेत. स्वभाव केवळ वळण्याच्या पद्धतीतून उभा राहतो.

भुते सतत मागेही लागत नाहीत. पहिल्या पातळीला सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्यांकडे पांगतात, मग वीस सेकंद पाठलाग. पुन्हा सात, पुन्हा वीस. मग पाच आणि वीस. मग पाच, आणि त्यानंतर अखंड पाठलाग. ही भरती-ओहोटी खेळणाऱ्याला आकड्यांत ठाऊक नसते, पण श्वास घ्यायला मिळणारी उसंत आणि पुन्हा येणारा दाब त्याला जाणवतो. भुते एकदम मागे फिरली की लाट बदलली, ही खूण तो काही डावांत ओळखू लागतो.

या खेळाचे मर्म मला एका लहानशा नियमात दिसते. पॅक-मॅन एक ठिपका खातो तेव्हा सेकंदाच्या साठाव्या भागाइतका थबकतो. परिणामी पहिल्या पातळीला मोकळ्या वाटेवर तो भुतांपेक्षा किंचित जलद असतो, पण ठिपके खात जाताना त्यांच्यापेक्षा किंचित हळू. जे केल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, तेच केल्याने तुम्ही सापडता. बरे, वळणावर पॅक-मॅन भुतांपेक्षा चपळ, आणि कडेच्या बोगद्यात भुते फार मंदावतात. म्हणजे सुटकेच्या वाटाही नियमांतच ठेवलेल्या आहेत. लोभ, भीती आणि सुटका यांचा हा हिशेब कुठेही लिहिलेला नाही. तो बोटांना कळतो.

बोटांना कळणे म्हणजे काय, यावर डेव्हिड सडनाऊ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिले होते. तो जॅझ पियानोवादकही होता. पियानोवर हात सुरांपर्यंत कसा पोचायला शिकतो याचे वर्णन त्याने आधी केले होते. तीच नजर त्याने ‘ब्रेकआउट’ या चेंडू आणि भिंतीच्या खेळाकडे वळवली. खेळ आणि रियाज यांत त्याला दिसलेले साम्य मला पटते. रियाजात चूक झाली तर ती कानाला कळावी लागते. न कळणाऱ्या चुकीतून कुणी शिकत नाही.

‘पॅक-मॅन’मध्ये हे टोकाला जाते. या खेळात खरा यदृच्छेचा भाग नाही. तुम्ही क्षणाक्षणाला त्याच चाली केल्यात तर भुतेही त्याच वाटांनी येतात. म्हणून कसलेल्या खेळाडूंनी पातळ्यांच्या ठरावीक वाटा पाठ केल्या. जग न्याय्य आहे की नाही हे ठाऊक नसेल, पण हे एवढेसे जग सुसंगत आहे, याची खात्री खेळणाऱ्याला मिळते.

गल्ल्याचा प्रश्न

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. मी या खेळांना फार उदात्त ठरवतो आहे का? ही यंत्रे पैसे मिळवण्यासाठी होती. गिऱ्हाईक लवकर हरले तरच पुढचे नाणे पडणार. ‘पॅक-मॅन’च्या पेटीत लहान खटके असत. डावाला किती जीव द्यायचे आणि किती गुणांवर जादा जीव द्यायचा, की द्यायचाच नाही, हे मालक त्यांवरून ठरवू शके. खेळाची कठोरता हा असा शब्दशः गल्ल्याशी जोडलेला खटका होता.

आक्षेप खरा आहे. पण त्यातच उत्तराचा एक धागा आहे. गिऱ्हाइकाला लवकर हरवायचे, आणि तरीही त्याला पुन्हा नाणे टाकावेसे वाटले पाहिजे, अशी ही दुहेरी अट होती. हार अन्यायाची वाटली तर माणूस दुसऱ्या यंत्राकडे जाणार. ते शेजारीच उभे होते. आपली चूक आपल्याला दिसली आणि ती सुधारता येईल असे वाटले, तरच हात खिशात जाणार. धंद्याच्या निकडीतून प्रामाणिक रचना जन्माला आली, असे मी म्हणेन. कलेच्या इतिहासात हे नवे नाही.

याची उलट बाजू पाहायची तर १९८३ चा ‘ड्रॅगन्स लेअर’ घ्यावा. डिस्नेमधून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथ यांनी त्याची चित्रे केली होती. लेसर डिस्कवरून पडद्यावर खरोखरीचा चित्रपट दिसे. इतर यंत्रांना पंचवीस सेंट लागत, याला पन्नास. त्या वर्षी त्याच्यापुढे गर्दी झाली, ती साहजिक होती. इतके देखणे तोवर आर्केडमध्ये काही नव्हते. पण खेळ म्हणून त्यात करायचे काय, तर ठरावीक क्षणी ठरावीक दिशा दाबायची. चुकलात की नायक मरतो. उजवीकडेच का, डावीकडे का नाही, याचे कारण चित्रात बहुधा सापडत नाही. आधीच्या मरणातून पाठ करावे लागते. तिथेही पाठांतर आहे आणि ‘पॅक-मॅन’च्या वाटांतही आहे. पण ‘पॅक-मॅन’ची पाठ केलेली वाट का चालते हे नियमांवरून सांगता येते, इथे येत नाही. मला ‘ड्रॅगन्स लेअर’ पाहायला आवडतो. खेळायला बसलो की तिसऱ्या मरणानंतर उठावेसे वाटते.

मोक्ष नसलेले पट

आता या खेळांच्या शेवटाकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथे आहे. या पिढीतल्या बहुतेक आर्केड खेळांना विजय नाही. पातळीमागून पातळी येते, कठीण होत जाते, आणि कधीतरी तुम्ही हरता. ‘पॅक-मॅन’मध्ये एकोणिसाव्या पातळीपासून मोठा ठिपका खाऊनही भुते निळी पडत नाहीत. एकविसावीपासून मोकळ्या वाटेवरही भुतेच जलद असतात. त्यानंतरही कुणी टिकलाच, तर २५६ व्या पातळीला यंत्रच कोलमडते. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये साठवलेला असतो आणि त्यात २५५ च्या पुढे जागा नाही. पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकृत्यांच्या तुकड्यांनी भरून जातो, आणि पातळी पूर्ण होण्याइतके ठिपकेच उरत नाहीत. ‘डाँकी काँग’मध्येही २२ व्या पातळीला वेळेचा हिशेब २५६ च्या पलीकडे जाऊन उलटतो, आणि शिखर गाठण्याआधीच नायकाची वेळ संपते.

इथे मला आपला मोक्षपट आठवतो. सापशिडीचा हा पूर्वज. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप, वरच्या टोकाला मोक्ष. त्यात कवड्या पडतील तसे जायचे. खेळणाऱ्याच्या कौशल्याला वाव नाही. फ्रेंच अभ्यासक रॉजर कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांचे स्पर्धा, नशीब, सोंग आणि भोवळ असे चार वर्ग केले. त्यांत मोक्षपट निखळ नशिबाचा खेळ ठरेल. तिथे तुमच्या हाती काही नाही, पण शेवटी मोक्ष आहे. ‘पॅक-मॅन’मध्ये जवळजवळ सगळे तुमच्या हाती आहे, पण मोक्ष नाही. दोन्ही पट जगण्याविषयी काही सांगू पाहतात. आर्केडचा पट आधुनिक आहे तो त्यातल्या विजेमुळे नव्हे, या अदलाबदलीमुळे.

पण मग एक धोका उभा राहतो. ‘हरलास, तर चूक तुझीच’ हे तत्त्व खेळात आनंद देते. जगण्यात ते क्रूर आहे. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला किंवा नोकरी गेलेल्या माणसाला हेच वाक्य ऐकवले जाते आणि बहुतेकदा ते खोटे असते. हे खेळ त्या खोट्या शहाणपणाचे शिक्षण देतात का?

याचे उत्तर मला ‘मिसाइल कमांड’मध्ये सापडते. अटारी कंपनीसाठी डेव्ह थ्युरर यांनी तो १९८० मध्ये केला. शीतयुद्धाची छाया त्यावर स्पष्ट आहे. खाली सहा शहरे आणि तीन क्षेपणास्त्र तळ. वरून अण्वस्त्रे येतात. प्रत्येक तळावर दर फेरीला दहाच क्षेपणास्त्रे. तुम्ही हल्ला करू शकत नाही, फक्त अडवू शकता. अस्त्रे वाढत जातात, वेग वाढतो, आणि कोणते शहर सोडून द्यायचे हे ठरवण्याची पाळी येते. कितीही चांगले खेळा, शेवटी सगळी शहरे जातात. तेव्हा पडद्यावर नेहमीचे ‘गेम ओव्हर’ येत नाही. स्फोटाच्या लोळात ‘द एन्ड’ ही अक्षरे उमटतात. हा खेळ करताना थ्युरर यांना अणुहल्ल्याची भयस्वप्ने पडत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

इथे हार पूर्णपणे समजते, पण ती तुमची चूक नसते. तुमच्याकडे साधने किती होती, येणारे संकट किती होते, हे पडद्यावर मोजता येते, आणि हिशेब जुळणे शक्य नव्हते हेही दिसते. म्हणून ‘समजणारी हार’ म्हणजे ‘माझीच चूक’ नव्हे. कुठे माझा हात कमी पडला आणि कुठे मुळात हातच पुरणार नव्हता, यांतला भेद दिसणे म्हणजे समजणे. शोकांतिकेकडूनही आपण हेच मागतो.

आज काय हरवले आहे

पुतणीच्या त्या तक्रारीकडे परत येतो. फोनवरच्या फुकट खेळांपैकी अनेकांत खेळणाऱ्याला अडवायचे कुठे आणि सोडायचे कुठे, हे त्याने पैसे द्यावेत किंवा जाहिरात पाहावी या हिशेबाने ठरते. जुन्या यंत्राचा मालकही खटके फिरवी, हे मी वर सांगितलेच. फरक असा, की त्याने कमी केलेला जीव गिऱ्हाइकाला पडद्यावर मोजता येई. आता खटका दिसत नाही. जिंकलो तर का आणि हरलो तर का, दोन्ही धूसर. मुलगी म्हणाली ‘जिंकूच देत नाहीये’, तेव्हा तिने खेळाचे बऱ्यापैकी अचूक परीक्षण केले होते. मला काळजी वाटते ती वेगळीच. जी पिढी आपल्या हारजितीचे कारण न दिसण्याला सरावेल, ती खेळाबाहेरही ते विचारणे सोडून देईल का?

जुने सगळे चांगले असे मला म्हणायचे नाही. जे विसरले गेले त्यांतले बरेच विसरण्याच्याच योग्यतेचे होते. आणि नियम दिसणारे उत्तम खेळ आजही तयार होतात. पण ऐंशीच्या दशकातील या खेळांना जागा नव्हती, वेळ नव्हता, रंगही मोजके होते. लपवायला जागाच नसल्यामुळे त्यांना नियमांवर उभे राहावे लागले. म्हणून ते अजून उभे आहेत.

सुटी संपण्याआधी मी पुतणीला ठिपक्यापाशी थबकण्याचा नियम सांगितला. तिने मान डोलावली नाही की काही विचारले नाही. पुढच्या डावात लाल भूत मागे लागताच तिने ठिपक्यांची भरली ओळ सोडून दिली, आधी खाऊन मोकळ्या केलेल्या वाटेने वळली आणि सुटली. थोड्या वेळाने वरच्या कोपऱ्यात गुलाबी भुताने तिला गाठलेच. “हे पुढून येतं,” ती म्हणाली आणि पुन्हा सुरू केले. मी स्वतः अजून पाचव्या पातळीपुढे गेलेलो नाही. घाबरलो की मी बोगद्याकडे धाव घेतो, आणि ती सवय मोडायला मला आणखी बरेच डाव लागतील.